वस्तूचा माग: विदर्भातल्या खेड्यात राहून केलेला फुटबॉलचा संग्रह

आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात मेस्सीच्या दहा क्रमांकाची जर्सी दोन-अडीचशे रुपयांना मिळते. भाजीच्या दुकानांच्या पलीकडे, प्लास्टिकच्या चपला आणि मच्छरदाण्यांच्या शेजारी ती दोरीवर टांगलेली असते आणि विश्वचषकाच्या वर्षी तिच्या सोबतीला रोनाल्डो, नेमार आणि एम्बापे हेही येतात. वेचणीची मजुरी हातात आलेली पोरे ती विकत घेतात आणि त्याच संध्याकाळी शाळेच्या मैदानावर घालून खेळतात. त्या जर्सीविषयी माझ्या मनात कसलीही तुच्छता नाही, कारण ती खेळण्यासाठी घेतलेली असते आणि अंगावर फाटली तरी तिचे काम पूर्ण झालेले असते. संग्रहासाठी घेतलेल्या वस्तूचे तसे नाही. तिला एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते: ही कोणत्या सामन्याची, कोणाची आणि तिथून इथवर ती कोणाकोणाच्या हातून आली? हे उत्तर जिच्याजवळ आहे ती वस्तू अस्सल, मग ती कितीही साधी असो. आणि जिच्याजवळ ते नाही ती कितीही महाग असली तरी माझ्या पेटीत तिला जागा नाही.

बाजारात ‘अस्सल’ म्हणून जे विकले जाते त्यात दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होत असते. पहिली गोष्ट म्हणजे वस्तू कंपनीने आणि संघाने अधिकृतपणे काढलेली आहे की नाही. दुसरी म्हणजे ती मैदानावर गेली होती की नाही. नागपुरात सीताबर्डीवर ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून मिळणारी जर्सी पहिल्याच परीक्षेत बाद होते. कंपनीच्या दुकानात मिळणारी, चाहत्यांसाठी थोडी सैल शिवलेली जर्सी पहिली परीक्षा उत्तीर्ण होते, परंतु दुसरीशी तिचा काही संबंध नसतो. खेळाडू वापरतात त्याच कापडाची आणि त्याच बेताची, जिला विक्रेते ‘प्लेअर व्हर्जन’ म्हणतात, तीही कारखान्यातून थेट दुकानात आलेली असते. त्यापुढची पायरी म्हणजे एखाद्या खेळाडूसाठी ठरावीक सामन्याकरिता नाव आणि क्रमांक लावून तयार केलेली, पण कदाचित पेटीतच राहिलेली जर्सी. संग्राहक तिला ‘मॅच-इश्यूड’ म्हणतात. आणि सर्वांत वर ‘मॅच-वॉर्न’, म्हणजे सामन्यात प्रत्यक्ष अंगावर असलेली. या पायऱ्यांमध्ये किमतीचे अंतर प्रचंड असते, म्हणूनच खालच्या पायरीवरची वस्तू वरच्या पायरीच्या नावाने विकण्याचा मोह विक्रेत्यांना होतो.

जर्सी हातात आली की मी प्रथम ती उलटी करतो. समोरून सगळ्याच सुंदर दिसतात. खरे काय ते आतली बाजू सांगते. चिन्ह भरतकामाचे असेल तर त्याच्या मागचे धागे पाहावेत. बनावट मालात ते लोंबत असतात, एका अक्षरातून दुसऱ्या अक्षराकडे न कापता ओढलेले असतात आणि मागे लावलेला कागदी आधार ओबडधोबड फाडलेला असतो. अलीकडच्या खेळाडूंच्या जर्सीवर बहुधा चिन्ह शिवलेले नसतेच, वजन कमी राहावे म्हणून ते उष्णतेने चिकटवलेले असते. त्यामुळे ‘प्लेअर व्हर्जन’ म्हणून दाखवलेल्या नव्या आदिदास जर्सीवर जाड भरतकाम दिसले तर तिथेच थांबावे. त्यानंतर कंबरेच्या आतल्या शिवणीजवळची लहान चिठ्ठी पाहावी. नायकी आणि आदिदास या दोन्ही कंपन्यांच्या मालावर तिथे त्या विशिष्ट जर्सीचा संकेतांक छापलेला असतो. तो मोबाइलवर शोधला की नेमकी तीच जर्सी, त्याच रंगाची आणि त्याच हंगामाची समोर यायला हवी. बनावट माल तयार करणारे एकच संकेतांक ब्राझीलच्या पिवळ्या जर्सीलाही लावतात आणि एखाद्या क्लबच्या लाल जर्सीलाही, कारण चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांनी एकदाच छापून घेतलेला असतो. अर्थात संकेतांक बरोबर निघाला म्हणजे जर्सी खरी ठरलीच असे नाही, कारण चांगले नक्कलकार तोही बरोबर उतरवतात. पण तो चुकीचा निघाला तर पुढे पाहण्याचे कारण उरत नाही.

नाव आणि क्रमांक हा आणखी एक भरवशाचा साक्षीदार आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पाठीवर खेळाडूचे नाव आणि हंगामभर कायम राहणारा क्रमांक ही पद्धत १९९३-९४ च्या हंगामापासून सुरू झाली. तेव्हा त्याआधीच्या हंगामातील लीग सामन्याची म्हणून दाखवलेल्या जर्सीवर आडनाव असेल तर विक्रेत्याला पुढचा प्रश्न विचारण्याचीही गरज नाही. अशा साध्या इतिहासाने जेवढे बनावट पकडले जाते तेवढे भिंगाने पकडले जात नाही, असे माझे मत आहे, आणि म्हणून संग्राहकाने खरेदीपेक्षा वाचनाला अधिक वेळ द्यावा.

वस्तूची किंमत कापडात नसून तिच्या मागात असते, याचे सर्वांत मोठे उदाहरण मॅराडोनाच्या निळ्या जर्सीचे आहे. १९८६ च्या मेक्सिको विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडशी निळ्या रंगात खेळावे लागणार हे ठरले तेव्हा अर्जेंटिनाचे प्रशिक्षक कार्लोस बिलार्डो यांना आपल्या निळ्या जर्सी दुपारच्या उन्हात फार जड वाटतील असे वाटले. संघाच्या माणसांनी मेक्सिको शहरातल्या दुकानांतून हलक्या निळ्या जर्सी शोधून आणल्या, त्यांवर घाईघाईने महासंघाचे चिन्ह शिवून घेतले आणि अमेरिकन फुटबॉलच्या धर्तीचे चंदेरी क्रमांक इस्त्रीने चिकटवले. म्हणजे मुळात तो दुकानातला माल होता. २२ जून १९८६ रोजी अझ्टेका मैदानावर ती जर्सी घालून मॅराडोनाने आधी हाताने आणि चारच मिनिटांनी एकामागून एक इंग्लिश खेळाडूंना चकवून असे दोन गोल केले आणि सामन्यानंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजबरोबर जर्सीची अदलाबदल केली. योगायोग असा की पहिल्या गोलच्या वेळी चेंडू मागे उंच उडवणारा पाय याच हॉजचा होता. त्याने ती अनेक वर्षे मँचेस्टरच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाला पाहण्यासाठी दिली होती आणि मे २०२२ मध्ये सदबीजच्या लिलावात ती ७१ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली.

त्या लिलावाआधी मॅराडोनाच्या कुटुंबीयांनी हरकत घेतली होती. हॉजजवळची जर्सी सामन्याच्या पूर्वार्धातली आहे, गोल झाले तेव्हा अंगावर असलेली नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. सदबीजने त्यावर जे केले ते प्रत्येक संग्राहकाने नीट समजून घेण्यासारखे आहे. त्यांनी सामन्याची छायाचित्रे घेतली आणि चिन्ह नेमके कसे बसले आहे, पट्टे शिवणीपाशी कसे जुळतात, क्रमांकांवरच्या बारीक खुणा कुठे आहेत, हे तज्ज्ञांकडून जर्सीशी ताडून घेतले. हाताने घाईत लावलेले काम प्रत्येक जर्सीवर थोडे वेगळे होते, म्हणून ही ओळख पटवणे शक्य झाले. या पद्धतीला ‘फोटोमॅचिंग’ म्हणतात आणि आज मोठ्या व्यवहारात तिच्याशिवाय सहसा कोणी पुढे जात नाही. पेलेने १९७० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात घातलेली जर्सी इटलीच्या रोबेर्तो रोसातोकडे गेली आणि २००२ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात १,५७,७५० पौंडांना विकली गेली. तिथेही कोणी कोणाला दिली हे स्पष्ट होते, म्हणूनच ती किंमत उभी राहिली.

सह्यांच्या वाटेला मात्र मी जात नाही आणि नव्याने संग्रह सुरू करणाऱ्यांनाही जाऊ नका असेच सांगतो. जर्सीच्या कापडावर मार्करची शाई धाग्यांतून पसरते, त्यामुळे खऱ्या सहीचेही बारकावे हरवतात आणि खोटीला लपायला जागा मिळते. अनेक क्लब पत्राच्या उत्तरात खेळाडूचे छायाचित्र पाठवतात त्यावरची सही बहुधा छापील असते. भिंगाखाली धरले तर शाईची रेघ नव्हे, छपाईचे ठिपके दिसतात. सोबत येणारे चकचकीत प्रमाणपत्र विक्रेत्यानेच दिलेले असेल तर त्याला कागदापलीकडे किंमत नाही. मॅराडोना २५ नोव्हेंबर २०२० रोजी आणि पेले २९ डिसेंबर २०२२ रोजी गेले. आता त्यांची नवी सही होणार नाही, तरीही विक्रीला येणाऱ्या सह्या काही संपत नाहीत, यातच सगळे आले.

मग खेड्यात राहणाऱ्या, महिन्याच्या पगारातून थोडे बाजूला काढणाऱ्या माणसाने काय जपावे? परदेशी लिलावातून काही मागवायचे तर कुरिअरचा खर्च आणि सीमाशुल्क मिळून वस्तूच्या किमतीशी स्पर्धा करतात. माझे उत्तर कागद हे आहे. तिकिटे, सामन्याच्या पुस्तिका, टपाल तिकिटे, त्या दिवसाचे वर्तमानपत्र, स्पर्धेची हस्तपत्रके. कागदाची नक्कल करण्याइतका फायदा त्यात फारसा कोणाला दिसत नाही, आणि कागद स्वतःच आपली तारीख सांगतो.

२०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. वर्ध्याहून विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर २५ ऑक्टोबरचा स्पेन आणि माली यांचा उपांत्य सामना पाहिला. स्पेनने तो ३-१ असा जिंकला. आबेल रुईझने दोन गोल केले आणि तिसरा केला फेरान तोरेसने, जो पुढे बार्सिलोनाकडून आणि स्पेनच्या मुख्य संघातून खेळला. त्या सामन्याचे तिकीट माझ्या संग्रहातील सर्वांत निर्विवाद वस्तू आहे, कारण तिच्या मागात दुसरे कोणी नाहीच. खिडकीवरून माझ्या हातात आणि हातातून पेटीत. २०२२ च्या कतार विश्वचषकापर्यंत तिकिटे मोबाइलवर गेली आणि आपल्याकडेही बहुतेक ठिकाणी तेच होत आहे, तेव्हा कागदी तिकीट ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते फेकू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कोलकात्यात ईडन गार्डन्सवर २४ सप्टेंबर १९७७ रोजी मोहन बागान आणि पेलेचा न्यूयॉर्क कॉसमॉस यांच्यात सामना झाला होता, जो २-२ असा बरोबरीत सुटला. त्या दिवशी हजारो लोकांच्या खिशात असलेले तिकीट आज कोणाच्या जुन्या वहीत सापडले तर ते मला मेस्सीच्या सहीपेक्षा अधिक मोलाचे वाटेल.

टपाल तिकिटांविषयी थोडक्यात सांगतो. भारतीय टपाल खात्याने १९८२ आणि १९८६ च्या विश्वचषकांच्या निमित्ताने तिकिटे काढली होती आणि १९८९ मध्ये मोहन बागानच्या शताब्दीचेही काढले. ही तिकिटे जुन्या संग्राहकांकडे आजही परवडणाऱ्या दरात मिळतात आणि त्यांच्या खरेपणाविषयी वाद क्वचितच होतो. नव्या तिकिटांसाठी नागपूरच्या मुख्य टपाल कार्यालयात चौकशी करावी.

आपल्या फुटबॉलच्या बाबतीत जतनाची उपेक्षा किती खोल आहे याचे मला वारंवार दुःख होते. ३१ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिम्पिकमध्ये भारत फ्रान्सकडून १-२ असा हरला. सारंगपाणी रामन यांनी भारताचा गोल केला आणि आपल्या दोन पेनल्टी वाया गेल्या. आपले बहुतेक खेळाडू त्या सामन्यात अनवाणी होते, म्हणजे जपून ठेवायला बूटही नाहीत. १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदके आपण जिंकली, त्या संघांतील खेळाडूंच्या घरी जे असेल ते घरच्यांच्या मर्जीवर आहे. आमच्या विदर्भापुरते बोलायचे तर नागपूरचे विजय बारसे यांना २००१ मध्ये पावसात काही मुले फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली आणि त्यातून झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल चालवणाऱ्या ‘स्लम सॉकर’ या संस्थेचे काम उभे राहिले, ज्याला २०१६ मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. ती बादली जर कोणी उचलून ठेवली असती, तर भारतीय फुटबॉलच्या कोणत्याही संग्रहालयात मी तिला दर्शनी कपाटात मांडले असते.

म्हणूनच गेल्या काही वर्षांपासून माझे लक्ष युरोपकडून आपल्या जिल्ह्याकडे वळले आहे. कामठीची छावणी, नागपूरच्या रेल्वे वसाहती, गिरण्यांची गावे, कोळसा खाणींचा पट्टा या सगळ्या ठिकाणी फुटबॉल खेळला गेला, आणि तो खेळलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याजवळच्या वस्तूंचा माग अजून जिवंत आहे. आपण विचारायला गेलो तर उत्तर देणारा माणूस समोर बसलेला असतो.

गिरणीच्या संघातून खेळलेल्या अशाच एका काकांकडून मला एक चेंडू मिळाला. तो चामड्याच्या पट्ट्यांचा, हाताने शिवलेला आणि तोंडाला वादी असलेला आहे. आतले रबरी ब्लॅडर आता कडक होऊन तडकले आहे. वादीच्या तोंडाजवळ, डाव्या अंगाला, एका पट्टीची शिवण उसवल्यावर मोच्याने मेण लावलेल्या जाड दोऱ्याने पुन्हा घातलेले टाके आहेत, आणि ते मूळ टाक्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट लांबीचे आहेत. एक बाजू इतर बाजूंपेक्षा काळपट आहे, कारण पावसाळ्याआधी चामड्याला एरंडेल चोळत असत आणि मग चेंडू त्याच बाजूवर ठेवला जाई. वादीच्या गाठीवर डोके बसले की कपाळ फुटत असे, असे काकांनी सांगितले आणि भुवईवरची खूण दाखवली. माझ्या हातात चेंडू देताना ते म्हणाले, “माह्या पोरायले याचं काई घेनंदेनं नाई. तूच ठेव बेटा, पन नाव लिहून ठेवजो.”

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचा संघ जिंकलेल्या अंतिम सामन्यातला हा चेंडू आहे. त्यांच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे, तरीही संग्रहाची शिस्त म्हणून मी पुरावा शोधला. त्यांच्या बैठकीत संघाचे एक चौकटीतले छायाचित्र होते. खाली पुठ्ठ्यावर १९७४ हे साल आणि मध्ये बसलेल्या कर्णधाराच्या पायाशी चेंडू. ते छायाचित्र आम्ही चौकटीतून काढून अंगणातल्या उन्हात आणले आणि भिंगाने पाहिले, तेव्हा वादीच्या डाव्या अंगाला ते लांब टाके स्पष्ट दिसले. मी मोजले, काकांनीही मोजले, आणि संख्या जुळली. मॅराडोनाच्या जर्सीसाठी तज्ज्ञांनी केले ते याहून वेगळे नव्हते. मात्र या छायाचित्राने चेंडू त्या संघाचा आणि त्या सालातला ठरतो. तो अंतिम सामन्यातलाच होता हे त्याने सिद्ध होत नाही. म्हणून माझ्या नोंदवहीत दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या आहेत: छायाचित्रावरून ठरलेले एका ओळीत, आणि काकांनी सांगितलेले दुसऱ्या ओळीत, त्यांच्या नावासह.

अशा वस्तू आमच्याकडच्या हवेत टिकवणे सोपे नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि टिनाच्या छपराखालची लोखंडी पेटी भट्टीसारखी तापते. जर्सीवरचे चिकटवलेले क्रमांक तेव्हा मऊ होऊन एकमेकांना चिकटतात आणि घडी उलगडताना पापुद्रे निघतात. मी पेटी घरातल्या सर्वांत थंड खोलीत, भिंतीपासून दूर, लाकडी पाटावर ठेवतो, म्हणजे वाळवीही लवकर लक्षात येते. कापड ठेवताना घड्यांच्या मध्ये खळ काढलेले, दोन-तीनदा धुतलेले मांजरपाट घालतो आणि वर्षातून काही वेळा घडीची जागा बदलतो. डांबरगोळ्या मी वापरत नाही, कारण त्यांचा वास तर जात नाहीच, शिवाय प्लास्टिकच्या छपाईवर त्यांचा परिणाम होतो. कसरीसाठी वाळवलेला कडुलिंबाचा पाला वेगळ्या पुरचुंडीत पुरतो. तिकिटांना सेलोटेप कधीही लावू नये आणि कोणतीही वस्तू टाचणीने अडकवू नये, पावसाळ्यात गंज उतरतो. चामड्याच्या चेंडूत पुन्हा हवा भरण्याचा मोह टाळावा. आत सैलसर कापूस भरून त्याचा आकार सांभाळावा आणि त्याला आता तेल लावू नये.

राहिला प्रश्न देण्याघेण्याचा. म्हातारे खेळाडू वस्तू सहज देऊन टाकतात आणि नेमके तेव्हाच आपण सावध राहिले पाहिजे. घरातल्या मुला-सुनांसमोर बोलल्याशिवाय मी काहीही घेत नाही, आणि घेतलेली वस्तू विकणार नाही असे लेखी देतो. साध्या फुलस्केप कागदावर वस्तूचे वर्णन, तारीख, देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव, आणि कुटुंबाला केव्हाही परत हवी असल्यास ती बिनशर्त परत केली जाईल ही अट, एवढे लिहून दोघांच्या सह्या होतात. काकांच्या चेंडूची अशी पावती दोन प्रतींत आहे. एक त्यांच्या धाकट्या मुलाकडे आहे, दुसरी चेंडूसोबत. आणि ते छायाचित्र पुन्हा चौकटीत बसवून त्यांच्याच बैठकीत लावले आहे, माझ्याकडे त्याची फक्त प्रत आहे.